दवाखाना सोडून गेलेला मुलांचा डॉक्टर : यानुश कोर्चाक

पोलंडमधल्या वॉर्सा शहरात श्लिस्का रस्त्यावर मुलांचा एक दवाखाना होता. 1905 साली एक तरुण डॉक्टर तिथे रुजू झाला आणि 1912 साली तो सोडून गेला. नाव चांगलं झालं होतं, बड्या घरांतून बोलावणी येत होती, दवाखान्यात कुणाशी बिनसलंही नव्हतं. तरी तो उठला आणि शंभरेक अनाथ मुलांच्या घरात कायमचा राहायला गेला. त्या मुलांसाठी त्याने काय केलं ते जगाला ठाऊक आहे. पण दवाखान्यातल्या आजारी पोरांना आपण अर्ध्यावर टाकून आलो, ही टोचणी त्याला शेवटपर्यंत होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

या डॉक्टरचं खरं नाव हेन्रिक गोल्डश्मित. यानुश कोर्चाक हे टोपणनाव. 1898 मध्ये एका लेखनस्पर्धेसाठी एका पोलिश कादंबरीतल्या पात्रावरून त्याने ते घेतलं आणि पुढे तेच चिकटलं. जन्म वॉर्साचा, तारीख 22 जुलै. साल मात्र 1878 की 1879 हे खुद्द त्यालाही पक्कं माहीत नव्हतं, कारण वडिलांनी जन्माची नोंद करायला उशीर लावला होता. त्या वेळी वॉर्सावर रशियाच्या झारचं राज्य होतं. घर ज्यू, पण बोलणंचालणं सगळं पोलिश. आजोबा डॉक्टर, वडील वकील. घरात पैसा होता आणि धाक होता. अंगणात खेळणाऱ्या गरिबांच्या पोरांत मिसळायचं नाही, थंडी बाधेल, वाईट सवयी लागतील, असा सगळा कारभार. हेन्रिक खिडकीशी बसून खालची पोरं बघायचा. पाच वर्षांचा असताना त्याचा पाळलेला कॅनरी पक्षी मेला. त्याला पुरून वर क्रूस लावायचा बेत चालला होता, तेव्हा वाड्याच्या रखवालदाराचा पोरगा म्हणाला की पक्षी ज्यूचा, त्याच्यावर क्रूस कसला. आपण कोण आहोत हे त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं.

पुढे वडिलांचं डोकं फिरलं. वेड्यांच्या इस्पितळाच्या वाऱ्या सुरू झाल्या, शिल्लक संपली, घरातल्या वस्तू विकल्या गेल्या. 1896 मध्ये वडील वारले. शाळकरी हेन्रिक श्रीमंतांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन आई आणि बहिणीचं घर चालवायला लागला. वडिलांचं दुखणं आपल्या रक्तातही असेल ही भीती त्याच्या मनातून कधी गेली नाही. लग्न करायचं नाही, स्वतःचं मूल होऊ द्यायचं नाही, हा निर्णय त्याने पुढे त्यातूनच घेतला.

1898 ते 1905 वैद्यकीचं शिक्षण झालं आणि पदवी हातात पडताच श्लिस्का रस्त्यावरच्या बेर्सोन आणि बाउमान दवाखान्यात नोकरी लागली. ज्यू समाजातल्या दोन श्रीमंत घराण्यांनी 1878 मध्ये हा दवाखाना उभारला होता. कोर्चाकची राहायची सोय आवारातच होती. म्हणजे ड्यूटी संपली असं कधी व्हायचंच नाही. मध्यंतरी रशिया-जपान युद्ध पेटलं, त्याला सैन्यात ओढून नेलं आणि मांचुरियात जखमी सैनिकांच्या गाड्यांवर ठेवलं. 1906 मध्ये परत आला तेव्हा त्याच्या एका कादंबरीने गावभर नाव केलेलं होतं. ज्यांच्या दारात पूर्वी शिकवणीवाला म्हणून जायचा, त्याच बंगल्यांतून आता डॉक्टर म्हणून बोलावणं यायला लागलं.

त्याचा हिशोब साधा होता. श्रीमंताकडून भरपूर फी घ्यायची आणि गरिबाच्या खोलीवर रात्री-अपरात्री जाऊन नावापुरतं नाणं घ्यायचं. अगदी फुकट मात्र नाही. फुकट तपासणाऱ्या वैद्याचा गुण येत नाही, असं ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात सांगितलं आहे, त्याचा तो आधार घ्यायचा. आजूबाजूचे डॉक्टर या प्रकारावर नाराज होते. साहजिकच आहे, धंद्याचा दर मोडत होता.

त्या काळी मुलांचं वैद्यक ही वेगळी शाखा म्हणून नुकतीच उभी राहत होती. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, औषधाची मात्रा कमी केली की झालं, अशी समजूत डॉक्टरांतही होती. प्रतिजैविकं यायला अजून काही दशकं होती. घटसर्प, गोवर, क्षय आणि तान्ह्या बाळांचे जुलाब ही नेहमीची दुखणी. अशा वेळी डॉक्टरच्या हातात बारीक नजर, ताप मोजायची काच आणि वजनाचा काटा एवढीच हत्यारं असायची. कोर्चाकने ती आयुष्यभर वापरली. नवं शिकायला तो 1907-08 मध्ये बर्लिनला जाऊन राहिला. नंतर पॅरिस आणि लंडन इथलीही मुलांची इस्पितळं आणि संस्था पाहून आला.

पण दवाखान्यात एक गोष्ट त्याला रोज दिसत होती. पोर बरं व्हायचं, त्याला सुट्टी मिळायची आणि ते परत त्याच तळघरातल्या ओलीत, त्याच उपासमारीत जायचं. जिथे आजार झाला तिथेच परत पाठवायचं आणि आजार पुन्हा आला की पुन्हा दाखल करून घ्यायचं. शिवाय घरात पोराशी कोण कसं वागतं, कोण मारतं, कोण जास्तच जपतं, हे कागदावर कुठे येत नव्हतं. गरीब मुलांच्या उन्हाळी शिबिरांना तो जायचा. तिथे तीच पोरं मोकळ्या हवेत दंगा करताना, भांडताना, रात्री अंथरुणात रडताना त्याने पाहिली. दवाखान्यात मुलाचं दुखणं दिसतं आणि मूल बघायचं तर त्याच्याबरोबर राहावं लागतं, हे त्याच्या ध्यानात आलं.

1912 मध्ये क्रोखमाल्ना रस्त्यावर, 92 नंबरला, ज्यू अनाथ मुलांसाठी नवी इमारत उभी राहिली आणि कोर्चाक तिचा प्रमुख झाला. त्याच्याबरोबर स्तेफानिया विल्चिन्स्का होत्या. बेल्जियममध्ये शिकून आलेल्या, शिस्तीच्या आणि कमी बोलणाऱ्या. हे घर तीस वर्षं चाललं ते खरं तर त्यांच्या जिवावर. कोर्चाक लिहायचा, भाषणं द्यायचा, युद्धावर जायचा. रोजचा स्वयंपाक, कपडे, पोरांच्या उवा आणि अभ्यास हे सगळं स्तेफाबाई बघायच्या. कोर्चाकचं नाव घेताना त्यांचं राहून जातं, हा अन्यायच आहे.

घर नव्या पद्धतीचं होतं. विजेचे दिवे, फरशी बसवलेली न्हाणीघरं, भिंतीतून ऊब देणारी व्यवस्था. तळघरांतून आलेल्या पोरांना राजवाडाच वाटला असेल. पण दवाखाना सुटला तरी डॉक्टर सुटला नव्हता. दर आठवड्याला प्रत्येक पोराचं वजन व्हायचं, उंची मोजली जायची आणि कोर्चाक स्वतः आकडे टिपायचा. वर्षानुवर्षांचे वाढीचे तक्ते साठले. वजन करताना तो पोरांशी बोलायचा आणि अर्धी तपासणी त्या बोलण्यातच होऊन जायची. आज अंगणवाडीत बाळाला काट्यावर ठेवून कार्डावर रेघ ओढतात, त्या कामाचं मोल त्याला तेव्हाच कळलं होतं.

पोरांच्या वाईट खोडींवर त्याचा एक इलाज होता, तो म्हणजे पैज. रोज मारामारी करणाऱ्याने या आठवड्यात इतक्याच करीन अशी पैज डॉक्टरशी लावायची, पुढच्या आठवड्यात आकडा आणखी खाली आणायचा. जिंकला की खाऊ. खरं-खोटं तपासायला कुणी जायचं नाही, पोरगा सांगेल ते खरं. एकदम सोड असं तो कुणाला म्हणायचा नाही. दारूच्या आणि तंबाखूच्या व्यसनावर काम करणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

घरात पोरांचं न्यायालय होतं. न्यायाधीश पोरंच. कायद्याच्या पुस्तकातली बहुतेक कलमं माफीची होती आणि शेवटचं, हजारावं कलम घरातून काढण्याचं. मोठ्यांवरही खटला भरता यायचा. एका मुलावर हात उगारला, एका मुलीवर चोरीचा संशय घेतला, अशा गुन्ह्यांसाठी कोर्चाक स्वतः या न्यायालयापुढे उभा राहिला आणि ते त्याने लिहूनही ठेवलं. आपल्याकडे किती हेडमास्तर असं करतील, हा प्रश्न जाऊ द्या.

1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि त्याला पुन्हा रशियन सैन्यात जावं लागलं. छावणीतल्या दवाखान्यात, तोफांच्या आवाजात, त्याने मुलांवर प्रेम कसं करावं या विषयावरचं आपलं मोठं पुस्तक लिहायला घेतलं. ते 1918 नंतर छापून आलं. आईबापांसाठीची पुस्तकं तेव्हाही खूप निघत होती. अमुक महिन्यात अमुक खायला द्या, रडलं तर तमुक करा, अशा छापाची. कोर्चाकच्या पुस्तकात सुरुवातीलाच कबुली आहे की तुमच्या मुलाचं मला माहीत नाही. ते तुम्हाला माहीत व्हायला हवं आणि त्यासाठी पुस्तक मिटून मुलाकडे बघायला हवं. आईला त्याने अडाणी ठरवलं नाही. अंगावर पाजणं, झोप, दात येणं, पहिलं पाऊल या सगळ्यात आईची नजर हे डॉक्टरच्या उपयोगाचं हत्यार आहे, तिने बघितलेलं नीट सांगितलं तर निम्मं निदान होतं, असं तो मानायचा. डॉक्टरने हुकूम सोडायचा आणि आईने मान डोलवायची, ही रीत त्याला पसंत नव्हती.

त्याच पुस्तकात त्याने मुलाचे तीन हक्क सांगितले. आजचा दिवस जगण्याचा हक्क आणि आपण जसे आहोत तसं असण्याचा हक्क, हे दोन पटकन पटतात. तिसरा ऐकून लोक दचकले, आजही दचकतात. तो होता मरणाचा हक्क. अर्थ असा की मूल मरेल या धास्तीने आईबाप त्याला जगूच देत नाहीत. पळू नको, चढू नको, भिजू नको. मरणापासून वाचवता वाचवता त्याचं जगणंच काढून घेतात. खिडकीशी बसवून ठेवलेल्या एका मुलाने मोठेपणी डॉक्टर होऊन हे लिहिलं, हे लक्षात घेतलं की त्या वाक्यामागची कळ समजते. तान्ह्या बाळांची मरणं ज्याने वर्षानुवर्षं हाताळली, तोच हे म्हणू शकत होता.

युद्ध संपलं आणि पोलंड स्वतंत्र झाला. साथीच्या रोग्यांवर इलाज करताना कोर्चाकला टायफस झाला. त्याची शुश्रूषा करताना आईला तोच ताप चढला आणि 1920 मध्ये ती गेली. डॉक्टर मुलगा वाचला आणि त्याच्यामुळे आई गेली, हे दुःख त्याने फार काळ वाहिलं.

पुढची वीस वर्षं कामाची. मारिना फाल्स्का यांच्याबरोबर पोलिश अनाथ मुलांसाठी दुसरं घर उभं केलं. 1923 च्या सुमाराला राजा झालेल्या एका लहान मुलाची गोष्ट लिहिली, ती पोलंडच्या घराघरांत गेली. 1926 मध्ये मुलांनीच चालवायचं साप्ताहिक काढलं. 1934 च्या अखेरीला रेडिओवर म्हातारा डॉक्टर या नावाने तो बोलायला लागला आणि दवाखान्यात कधी न गेलेल्या आईबापांपर्यंत त्याचा आवाज पोचला. खरं नाव जाहीर नव्हतं. ज्यू माणूस पोलिश मुलांना शिकवतो म्हणून गहजब होईल, ही भीती होती आणि ती खरी ठरली. 1936 मध्ये कार्यक्रम बंद पडला, दोन वर्षांनी पुन्हा सुरू झाला.

शिक्षक होऊ घातलेल्यांसमोरचं त्याचं एक व्याख्यान प्रसिद्ध आहे. विषय होता मुलाचं हृदय. सगळ्यांना त्याने क्ष-किरणांच्या खोलीत बोलावलं. एका लहान मुलाला हाताशी धरून आणलं, यंत्रामागे उभं केलं आणि दिवे मालवले. अंधार, अनोळखी माणसं, यंत्राची घरघर. पडद्यावर त्या पोराचं हृदय जोरजोरात उडताना सगळ्यांना दिसलं. मुलावर ओरडावंसं वाटेल, हात उगारावासा वाटेल, तेव्हा हे आठवा, एवढंच त्याने सांगितलं आणि व्याख्यान संपलं.

1929 मध्ये मुलांच्या मानाबद्दल त्याने छोटं पुस्तक लिहिलं. त्याआधी 1924 मध्ये जिनिव्हाला बालहक्कांचा जाहीरनामा निघाला होता. त्यावर तो खूश नव्हता. त्यात मोठ्यांना विनवणी आहे, हक्काची मागणी नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे 1978 मध्ये पोलंडनेच संयुक्त राष्ट्रांपुढे बालहक्क कराराचा प्रस्ताव मांडला, 1989 मध्ये तो करार झाला आणि 1992 मध्ये भारताने तो स्वीकारला.

सप्टेंबर 1939 मध्ये जर्मनांनी पोलंडवर हल्ला केला. साठीचा कोर्चाक जुना लष्करी गणवेश चढवून रस्त्यावर फिरत होता. पुढच्या वर्षी ज्यूंना भिंतीआड कोंडलं गेलं. चार लाखांहून जास्त माणसं शहराच्या एका तुकड्यात. क्रोखमाल्नाचं घर सोडावं लागलं. स्थलांतराच्या वेळी पोरांसाठी आणलेली बटाट्यांची गाडी शिपायांनी अडवली. तो तक्रार करायला गेला, तेही गणवेशात आणि दंडावर ज्यूंची सक्तीची पट्टी न बांधता. मार खाल्ला आणि महिनाभर तुरुंगात पडला. सुटून आल्यावर रोज पिशवी घेऊन दारोदार हिंडायचा. पोरांची संख्या दोनशेपर्यंत गेली होती.

1941 च्या शरद ऋतूत घर पुन्हा हलवावं लागलं. नवी जागा शेन्ना आणि श्लिस्का या दोन रस्त्यांच्या मध्ये होती. तोच श्लिस्का रस्ता! पस्तीस वर्षांपूर्वीचा दवाखाना काही अंतरावर अजून चालू होता. डॉ. आना ब्राउडे-हेलेरोवा तो चालवत होत्या. औषधं नव्हती, अन्न नव्हतं, एकेका खाटेवर दोन-तीन पोरं. तरी भिंतीआडच्या डॉक्टरांनी एक अचाट काम केलं. उपासमारीने शरीराचं काय होतं, याचा त्यांनी शास्त्रशुद्ध अभ्यास मांडला. मुलांचा भाग ब्राउडे-हेलेरोवा यांनी पाहिला. तपासणारे डॉक्टरही उपाशीच होते. कागद भिंतीबाहेर पोचवले गेले आणि युद्धानंतर, 1946 मध्ये, छापून आले. बहुतेक लेखक तोवर जिवंत नव्हते.

1942 च्या मे महिन्यापासून कोर्चाक रात्री डायरी लिहायचा. त्याच डायरीत त्याने दवाखाना सोडल्याचा कबुलीजबाब दिला आहे. आजारी मुलाशी, वैद्यकीशी आणि दवाखान्याशी आपण दगा केला, मुलाच्या मनाला आकार देणारा म्हणून मिरवायच्या खोट्या हौसेपायी, अशा आशयाचं. हे वाचून त्याची बाजू घ्यावीशी वाटते. तीस वर्षं दर आठवड्याला वजनाच्या काट्याशी उभा राहणारा माणूस वैद्यकी सोडून गेला होता असं कसं म्हणावं? पण त्याने स्वतःला ती सवलत दिली नाही. उलट, त्याच वर्षी झेल्ना रस्त्यावरच्या एका सरकारी अनाथालयात पोरं माश्यांसारखी मरत होती, तिथे आपल्याला डॉक्टर म्हणून घ्या असा अर्ज त्याने स्वतःहून केला. तिथल्या घाणीत, चोऱ्यांत आणि मरणात तो रोज जाऊन येऊ लागला.

18 जुलै 1942 ला मुलांनी एक नाटक केलं. रवींद्रनाथ टागोरांचं डाकघर. वैद्याने खोलीत कोंडून ठेवलेला आजारी अमल, खिडकीतून दिसणारी माणसं आणि राजाच्या पत्राची वाट. त्या घरातल्या प्रत्येक पोराची अवस्था तीच होती. हे नाटक का निवडलं, यावर कोर्चाकने दिलेलं कारण असं सांगतात की मुलांना मरण शांतपणे स्वीकारता यावं. चारच दिवसांनी, 22 जुलैला, वॉर्साच्या ज्यूंना आगगाडीत कोंबून त्रेब्लिंकाच्या छावणीत मारायला न्यायला सुरुवात झाली. तो दिवस कोर्चाकच्या वाढदिवसाचा.

त्याच वर्षी पोलंडची दुसरी शेकडो मुलं हिंदुस्थानात पोचत होती, हे आपल्या भागातल्या वाचकांनी लक्षात घ्यावं असं आहे. रशियाने सैबेरियाकडे हाकललेल्या पोलिश कुटुंबांतली ही मुलं इराणमार्गे आली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला त्यांची छावणी उभारली. 1943 पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात पाचेक हजार पोलिश निर्वासितांचं अख्खं गावच वसलं आणि ते 1948 पर्यंत होतं. ती पोरं वाचली, मोठी झाली, म्हातारपणी कोल्हापूर बघायला परत आली. वॉर्साच्या भिंतीआडच्या मुलांना तशी वाट कुणी काढून दिली नाही.

5 ऑगस्टच्या सुमाराला शिपाई आले. सुमारे दोनशे मुलं, स्तेफाबाई, बाकीचे शिक्षक आणि कोर्चाक रांगेने निघाले आणि उन्हातून काही किलोमीटर चालत आगगाडीच्या फलाटापर्यंत गेले. या चालण्याबद्दल पुढे खूप दंतकथा झाल्या. खात्रीचं एवढंच की भिंतीबाहेर निसटायची संधी मित्रांनी त्याला आधी देऊ केली होती आणि त्याने ती घेतली नाही. आजारी पोराला रात्री एकटं टाकून जात नाहीत, असं त्याचं साधं म्हणणं होतं. त्रेब्लिंकाला गेलेल्या त्या गाडीतून कुणी परत आलं नाही.

डायरी मात्र मित्रांच्या हाती पोचली. त्यांनी ती मुलांच्या दुसऱ्या घराच्या भिंतीत चिणून ठेवली आणि ती 1958 मध्ये छापली गेली. शेवटची नोंद 4 ऑगस्टची आहे. सकाळी खिडकीत फुलझाडांना पाणी घालताना खाली बंदूकधारी जर्मन शिपाई उभा दिसतो आणि हा पूर्वी कदाचित गावातला शाळामास्तर असेल, असा विचार म्हाताऱ्या डॉक्टरच्या मनात येतो.

क्रोखमाल्नाच्या त्या इमारतीत युद्धानंतरही अनाथ मुलांचं घर पुन्हा सुरू झालं. श्लिस्का रस्त्यावरचा दवाखानाही टिकला. 2014 पर्यंत तिथे मुलांवर उपचार होत होते.